मागच्या सीटवरचं वजन

श्रावणातला गुरुवार होता आणि काम अगदी साधं होतं. समीक्षाची आत्या, बनाबाई, कोयनानगरला मुलाकडे राहायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि शुक्रवारी सकाळी मिरजेत एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मुलगा दादासो विद्युतगृहात पाळीवर. त्याला रजा मिळेना. तेव्हा समीक्षाने आणि तिच्या नवऱ्याने सांगलीहून जायचं, आत्याला गाडीत घालायचं आणि दिवे लागायच्या आत घरी आणायचं. कुणीही केलं असतं असं काम.

पण समीक्षाचा नवरा ‘कुणीही’ नव्हता. निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं.

इंद्रजित शेवाळेचं विश्रामबागेत ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं. दुकानावर पोट चालायचं, जीव मात्र गाडीत. लाल रंगाची, सात वर्षं जुनी, डिझेलवरची बुटकी गाडी. पुण्याहून सेकंडहँड आणलेली आणि त्यानंतर जवळजवळ तेवढेच पैसे ओतून ‘नीट’ केलेली. तो गाडीलाही ‘ती’ म्हणायचा आणि बायकोलाही ‘ती’. त्यामुळे ‘तिला आज जरा खोकला आहे’ असं तो फोनवर म्हणाला, की दुकानातली माणसं एकमेकांकडे बघायची. बायकोच्या खोकल्याबद्दल तो इतक्या काळजीने बोलणार नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं.

अशी माणसं रस्त्यावर रोज भेटतात. बाहेरून बघितलं तर ती भाजी आणायला निघालेली असतात; डोक्यात मात्र शर्यत चालू असते. इंद्रजितच्या डोक्यात तर बारा महिने एक समालोचन चालायचं, जणू हजारभर माणसं आत बसून त्याचं ड्रायव्हिंग बघताहेत. ‘आता मी तिसरा गिअर टाकतो. बघा, धक्का नाही. आता हा ट्रक. याला वळणावर ब्रेक लागणार, लागला, अडाणी.’ पेठ नाक्यापासून कऱ्हाडपर्यंत त्याने मनातल्या मनात एकवीस जणांना नापास केलं. उंच गाड्यांना तो ‘कपाटं’ म्हणायचा, क्लच नसलेल्या गाड्या चालवणाऱ्यांना ‘पाळण्यातली बाळं’. धुक्यात किंवा पावसात चारी इंडिकेटर लुकलुकवत जाणारा कुणी दिसला, तर त्याचं लायसन जागच्या जागी फाडावं असं त्याला मनापासून वाटायचं.

माणसं त्याला किलोत दिसायची. समीक्षा अठ्ठावन्न. सासरे पंच्याऐंशी, आणि तेही नेहमी एकाच बाजूला बसणार, त्यामुळे गाडी डावीकडे झुकणार. गाणी लावायची नाहीत, कारण इंजिन ऐकू येत नाही. दार आपटायचं नाही. गाडी उभी करून चार पावलं गेलं, की वळून एकदा तिच्याकडे बघायचं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. आपल्याकडे या माणसाने शेवटचं वळून कधी बघितलं होतं, हे समीक्षाला आठवत नव्हतं. पूर्वी ती चिडायची. आता ती खिडकीबाहेर बघत बसायची. चिडण्याच्या पुढची ती पायरी होती.

कोयनानगरला पोचले तेव्हा एक वाजला होता. वरून भुरभुर चालू, डोंगर गायब. बनाबाईंनी चुलीपाशी बसून गरम भाकऱ्या वाढल्या, अळूचं फदफदं वाढलं. दिसत नसताना त्यांचा हात कुठे चुकत नव्हता. सत्तरीची बाई, पण जीभ विळ्यासारखी.

“जावईबापू, जेवताना बी खिडकीतनं भाईर काय बघताय? गाडी पळून जात न्हाई तुमची.”

“पोरं हात लावतात, आत्या.”

“लावू द्या की. हात लावल्यानं झिजती व्हय?”

समीक्षा हसली. इंद्रजित हसला नाही.

अडीचला निघाले. बनाबाई मागे डाव्या बाजूला बसल्या. (पंचावन्न किलो, पिशवी सात.) आणि त्यांनी दार असं आपटलं, की इंद्रजितच्या दाढांतून कळ गेली.

“आत्या, हळू... नुसतं ढकललं तरी लागतं ते.”

“आमच्या यष्टीचं लागत न्हाई तसं,” बनाबाई म्हणाल्या.

पाटणला आल्यावर सरळ कऱ्हाडला जायचं, एवढंच खरं तर करायचं होतं. इंद्रजितने डावीकडे इंडिकेटर दिला.

“इकडे कुठं?” समीक्षाने विचारलं.

“सडावाघापूरवरून. पठार चढायचं, तारळ्याला उतरायचं, उंब्रजला हायवे. कऱ्हाडचा रस्ता उखडलाय.”

“सकाळी तर त्याच रस्त्यानं आलो. बरा होता. आणि उंब्रजवरून परत कऱ्हाडलाच यायचं ना? अहो, हा उलटा फेरा आहे. आत्याला लवकर झोपवायचंय, उद्या सातला दवाखान्यात...”

“तुला रस्त्यातलं कळतं का?” तो म्हणाला.

खरं कारण एवढंच होतं, की त्या घाटात वळणं होती. सकाळपासून सरळ रस्त्यावर त्याचा जीव आंबला होता. एका आंधळ्या होत चाललेल्या म्हातारीला आणि बायकोला धुक्यात डोंगरावरून फिरवून आणावं, हे त्याला त्यापायी सुचलं. आणि आपण काही चूक करतोय असं क्षणभरही वाटलं नाही.

चढण त्याने झोकात घेतली. वर पोचले आणि धुकं असं दाटलं, की बॉनेटच्या पुढचं जग संपलं. दुपारचे चार वाजले होते, पण उजेड राखेच्या रंगाचा होता. पठारावर पवनचक्क्या आहेत. त्या दिसत नव्हत्या, नुसता आवाज येत होता. व्हुप्प... व्हुप्प... व्हुप्प... डोक्यावरून कुणीतरी भलीमोठी गोधडी झटकत असल्यासारखा. ओल्या गवताचा, शेणाचा आणि कुठूनतरी तापलेल्या लोखंडाचा वास होता.

इंद्रजितने गाडी बाजूला घेतली.

“काय झालं?” समीक्षा दचकली.

“काही नाही. फोटो.”

लाल गाडी आणि पांढरं धुकं. असा मोका परत यायचा नव्हता. तो उतरला, पुढची चाकं जरा वळवून ठेवली होती ती बरोबर दिसतात का बघितलं, गवतात बसून फोटो काढायला लागला. बनाबाईंना लघवीला जायचं होतं. समीक्षा त्यांना हात धरून जरा आडोशाला घेऊन गेली. गाडीची दारं उघडीच होती, इंजिन चालू.

पाचेक मिनिटांनी सगळे परतले. इंद्रजित बसला, त्याचं दार लागलं. समीक्षाचं लागलं. बनाबाईंचं आपटलं. आणि मग त्याच्या पाठीमागचं, उजवीकडचं दार लागलं. हलकेच. चटक... एवढाच आवाज, त्याला हवा तसा.

‘हे कुणी उघडलं होतं?’ असा एक विचार त्याला शिवून गेला. पण त्याच्या जागी दुसरा विचार आला आणि तोच त्याला जास्त आवडला: वाऱ्याने लागलेलं दारसुद्धा माझ्या गाडीत कसं गोड लागतं बघा.

मागून बनाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “बसा, बसा... पिशवी घेती मी हिकडं.”

“फोन आला का आत्याला?” इंद्रजितने विचारलं.

“असेल दादासोचा,” समीक्षा म्हणाली. ती पुढच्या काचेकडे डोळे ताणून बघत होती. मागे वळून बघायचं तिच्या मनात आलं नाही.

त्याने पहिला टाकला, क्लच सोडला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

गाडी जड होती.

दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. इंद्रजितला कळलं, कारण आयुष्यात त्याने शिकावं तेवढं हेच एक शिकलं होतं. मागचा उजवा कोपरा दबला होता. बरोबर त्याच्या पाठीमागे. किती? पासष्ट. नाही, सत्तर. सत्तर किलो. त्याने आरशात बघितलं. मागची काच धुरकटली होती, डावीकडे आत्याचा पांढरा पदर, उजवीकडे रिकामी सीट. त्या बाजूची खिडकी मात्र आतून वाफ धरल्यासारखी झाली होती.

‘टायरमध्ये हवा कमी असणार,’ त्याने ठरवलं. ‘किंवा मागचं सस्पेन्शन गेलं. पुण्याच्या त्या मेकॅनिकने फसवलं.’

इथे एखादा साधा माणूस, गाडी म्हणजे नुसती गाडी असं समजणारा, घाबरला असता. निदान त्याने थांबून मागे बघितलं असतं. इंद्रजितला पुरावा हातात, पायात, पाठीत मिळत होता, आणि तो त्या पुराव्याला सस्पेन्शन म्हणत होता.

रस्ता उताराला लागला. डावीकडे डोंगर, उजवीकडे धुकं, म्हणजे दरी. पहिलं वळण दिसायच्या आधीच त्याला मागे काहीतरी जाणवलं. ते सत्तर किलो डावीकडे कलले. चार-पाच पावलांवर रस्ता डावीकडे वळला.

दुसरं वळण. वजन उजवीकडे कललं. रस्ता उजवीकडे वळला.

तिसरं. पुन्हा तेच. वळण दिसत नव्हतं, पण मागचं वजन आधीच कलत होतं. पाठ असलेल्या रस्त्यावरून जाणारा माणूस कलतो तसं. इंद्रजितच्या अंगावर काटा आला, पण त्याने त्याचा अर्थ लावला तो असा, की आज आपला हात बसला आहे. आज गाडी आपल्याशी बोलते आहे. लोक ज्याबद्दल नुसतं ऐकतात, ते हेच.

त्याने ॲक्सिलरेटर दाबला.

“अहो, हळू... काही दिसत नाहीये.”

“मला दिसतंय.”

“काय दिसतंय? मला बॉनेटसुद्धा दिसत नाही!”

“तू डोळे मिट मग.”

डोक्यातलं समालोचन आता घुमायला लागलं होतं. ‘फुडं डावं हाय. आत धर. आस्सं. आता सोड.’ तो तसं करत होता आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी जात होती. आपल्या डोक्यातली भाषा बदलली आहे, हे त्याला कळलंच नाही. शिशुवर्गापासून इंग्रजी शाळेत गेलेला माणूस तो, गावाकडचं बोलणं ऐकलं तरी नाक मुरडायचा. त्याच्या मनात ‘फुडं’ कुठून आलं असतं? पण कौतुक चालू असताना कोण व्याकरण बघतो. ‘वा गड्या. लय भारी हात हाय. आसा हात पयल्यांदाच बगितला.’

इंद्रजित हसत होता. समीक्षाने ते हसू बघितलं आणि दाराचं हँडल घट्ट धरलं.

मागून बनाबाईंचा आवाज आला. दबका, जरा अवघडलेला. “आवं... जरा दमानं घ्या म्हणावं की. तुमीच का भर देताय त्यांला?”

“आत्या, कुणाशी बोलतीयेस?” समीक्षाने विचारलं. पावसाने काचा बडवायला सुरुवात केली होती. बनाबाईंना ऐकू गेलं नसेल.

एवढ्यात पुढे धुक्यात दोन पिवळे ठिपके उमटले. लुकलुक... लुकलुक... चारी इंडिकेटर लावून एक जुना पिकअप टेम्पो वीसच्या वेगाने उतरत होता. मागे रिकामे प्लास्टिकचे क्रेट, दोरीने बांधलेले.

इंद्रजितच्या तोंडात कडवट पाणी आलं. इतकी सुंदर लय, आणि हा गाढव आडवा. त्याने हॉर्न दिला. पिकअपमधून एक हात बाहेर आला आणि सावकाश खालीवर हलला: थांब, थांब.

“थांबा ना त्याच्या मागं,” समीक्षा म्हणाली. “तो सांगतोय...”

“त्याला काय कळतं?”

‘मोकळं हाय,’ डोक्यातला आवाज म्हणाला. ‘फुडं रस्ता उजवीकडं जातोय. दाब गड्या. दाब.’

आणि मागचं वजन उजवीकडे कललं. नुसतं कललं नाही. सगळंच्या सगळं त्या बाजूच्या दाराला जाऊन टेकलं. अख्खी गाडी त्या कोपऱ्यावर बसली. आतापर्यंत एकही वळण चुकलं नव्हतं. इंद्रजितने दुसरा टाकला, उजवीकडे काढली, पिकअपच्या बरोबरीला आला आणि स्टिअरिंग उजवीकडे दिलं.

तिकडे रस्ता नव्हता.

दिव्यांचा उजेड पुढे पडला आणि कशावरच पडला नाही. नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यात खाली, खूप खाली, पाण्याचा आवाज.

“ब्रेक!” समीक्षा किंचाळली. इंद्रजितचा पाय हलला नाही. तो नंतर शपथेवर सांगायचा, की पाय हलत नव्हता, गुडघ्यावर कुणीतरी हात ठेवला होता. समीक्षा गाडी कधी चालवत नव्हती. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग पकडलं आणि सगळ्या अंगाने डावीकडे ओढलं. लोखंडाला लोखंड घासलं. क्रेट धडाधड रस्त्यावर पडले. गाडी पिकअपच्या अंगाला घासत गेली, फिरली, इंजिन बंद पडलं आणि सगळं थांबलं.

पुढचं उजवं चाक हवेत होतं. ते फिरत राहिलं, मग तेही थांबलं.

त्या शांततेत मागचं उजवं दार उघडलं. दरीकडचं. तिन्ही माणसं आत बसलेलीच होती. गाडी मागून वर उचलली गेली, बोटभर. कुणी उतरल्यावर उचलली जाते तेवढीच. आणि दार लागलं. हलकेच. चटक.

पिकअपवाला उतरून धावत आला. साठीचा माणूस, दाढी पांढरी, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. कुतुबुद्दीन त्याचं नाव. तारळ्याला भाजीचा धंदा. त्याने आधी दोन्ही बायकांना डावीकडून उतरवलं, मग इंद्रजितला दंडाला धरून समीक्षाच्या सीटवरून बाहेर ओढलं.

“लागलं का कुनाला?”

“नाही,” समीक्षा म्हणाली. तिचे दात वाजत होते.

कुतुबुद्दीनने वाकून ते हवेतलं चाक बघितलं, मग लाल रंगावर गेलेला हातभर लांबीचा ओरखडा बघितला, मग इंद्रजितकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश.

“गाडी झकास हाय,” तो म्हणाला. “चालवायला एकादा मानूस बगा.”

सकाळपासून एकवीस जणांना इंद्रजितने नापास केलं होतं, आणि आता निकाल असा क्रेटवाल्याकडून लागला होता.

बनाबाई पदर सावरत उभ्या होत्या. धुरकट डोळ्यांनी त्या दरीच्या बाजूला बघत होत्या, काही दिसत नसताना.

“त्या बाबाला बगा की कुनीतरी,” त्या म्हणाल्या.

“कोण बाबा, आत्या?”

“आगं माज्या शेजारचा. दार उगडून त्या अंगानं उतरला न्हवं? तिकडं जमीन हाय का?”

कुतुबुद्दीन पुढे झाला, कडेला उभं राहून त्याने खाली मोबाईलचा उजेड टाकला. दाराखाली पाऊल ठेवायला जागा नव्हती. मुरूम सुटून खाली गेला होता आणि मग धुकं. त्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलं आणि तीन पावलं मागे आला.

“चला खाली,” तो म्हणाला. “म्हातारीला माज्या गाडीत बसवा. ताई, तुमी बी. हितं थांबायचं न्हाई.”

दोर लावून पिकअपने लाल गाडी मागे ओढली. खाली तारळ्याला कुतुबुद्दीनच्या घरी त्याच्या बायकोने, परवीनने, त्यांना चहा दिला, बनाबाईंच्या अंगावर चादर टाकली. तिथे, स्टुलावर बसून, इंद्रजितने पहिल्यांदा विचारलं.

“आत्या... कोण होतं म्हणालात?”

“मला काय ठावं? तुमीच घेतलं की वर. तुमी फोटू काढत हुता, तवा कुनीतरी दार उगडून बसलं. धोतराचा की पँटीचा, काय दिसतंय मला? नुसतं काळं काळं. म्हटलं रस्त्यावरचं कुनी आसंल, जावईबापूंनी बसवलं आसंल. पावसापान्यात बसवतात मानसं. मी म्हटलं, बसा.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “अंगाला त्येच्या गाडीच्या त्येलाचा वास लय येत हुता. आन सारकं बोलत हुतं. मला वाटलं तुमची जुनी ओळख हाय.”

“काय बोलत होतं?”

“तुमाला न्हाई का ऐकू आलं? तुमी ऐकत तर हुता सगळं.” बनाबाई जरा थांबल्या. “डावं हाय, आत धर. आता सोड. लय भारी हात हाय. तुमाला चढवत हुतं नुसतं. मी म्हटलं बी त्येला, का भर देताय. तर हसलं. आन मग म्हनालं, मोकळं हाय... दाब गड्या...”

इंद्रजितने चहाचा कप खाली ठेवला. समीक्षाने त्याच्याकडे बघितलं. ते शब्द त्याने कुणाला सांगितले नव्हते. ते त्याच्या डोक्याच्या आत होते.

बनाबाईंचं ऑपरेशन शुक्रवारी झालं, नीट झालं. सांगलीला आदल्या रात्री ते भाड्याच्या जीपने आले, एका कपाटातून, चाळीसच्या वेगाने. समीक्षाने नंतर इंद्रजितला कधी टोचलं नाही. टोचण्यासारखं त्याच्यात काही उरलेलंही दिसत नव्हतं. तिने एवढंच केलं, की एका ड्रायव्हिंग क्लासमध्ये जाऊन गाडी शिकून घेतली आणि भावाची जुनी छोटी गाडी वापरायला आणली. “यापुढे मला कुठे जायचं असेल तर मीच जाईन,” ती म्हणाली. त्याने मान हलवली.

लाल गाडी दुरुस्त होऊन आली आणि तीन महिने अंगणात झाकून उभी राहिली. किल्ली कपाटाच्या लॉकरमध्ये. या काळात इंद्रजित दुकानात पायी जायचा, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघायचा नाही. डोक्यात शांतता होती. असली शांतता त्याने पोरवयापासून अनुभवली नव्हती, आणि एखाद्याला वाटेल तिचा त्याला आनंद झाला असेल. पण नाही. त्याला ती शांतता सोसवेना. ‘वा गड्या’ म्हणणारं कुणी नसेल, तर हा माणूस फक्त पाइप विकणारा माणूस होता.

दिवाळीनंतर त्याने किल्ली काढली. समीक्षाला म्हणाला, “बॅटरी उतरते. नुसती कॉलनीत एक फेरी.”

“एकटेच जा,” ती म्हणाली.

तो सकाळच्या लख्ख उन्हात गेला. मागच्या सीटवर त्याने आधी बघितलं, हात फिरवून बघितला. गाडी चालवली, मागे काही वजन नव्हतं. चारी कोपरे हलके. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. आठवड्याने तो निर्धास्त झाला. मागे कुणी बसत नव्हतं, हे त्याने सगळ्या अंगाने तपासून बघितलं होतं, आणि त्यात तो चुकणारा नव्हता.

फक्त एक होतं. रोज सकाळी कुलूप काढून तो आत बसला, की त्याची स्वतःची सीट एक खाच मागे गेलेली असायची. त्याच्याहून उंच माणसाने मागे घेतल्यासारखी. घरात त्याच्याहून उंच कुणी नाही. किल्ली लॉकरमध्ये. तो सीट एक खाच पुढे घ्यायचा आणि निघायचा. समीक्षाला त्याने हे सांगितलं नाही.

गेल्या सोमवारपासून सीट पुढे घ्यावी लागलेली नाही. ती मागेच असते. त्याचे पाय आता तिथूनही पोचतात.